सात नंबरची विहीर

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. पहिल्या बाटलीतल्या पाण्याच्या खारटपणाचा आकडा आला नऊशे वीस, दुसरीचा चार हजार शंभर. दोन्ही बाटल्या एकाच ओढ्याकाठच्या, एकमेकींपासून दोनशे पावलांवर भरलेल्या.

पहिली मीटरभाऊची, सात नंबरच्या विहिरीतली. मीटरभाऊ म्हणजे पाणी खात्याचा नोंद घेणारा माणूस. खोऱ्यातल्या अकरा निरीक्षण विहिरींचं पाणी दर महिन्याला तपासून तक्ता भरायचा, हे त्याचं काम. मोजयंत्र गळ्यात अडकवून फिरायचा, म्हणून हे नाव पडलेलं. दुसरी बाटली त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची. आक्काचं शेत ओढ्याच्या खालच्या अंगाला, सात नंबरच्या विहिरीला लागून.

तिच्या पिकाची पानं टोकाकडून करपत होती. दोन महिने ती भावाला विचारत होती आणि भाऊ तक्ता बघून सांगत होता, की पाणी चांगलं आहे, हजाराच्या आत आहे, कमी पडत असेल, वाढव. तिनं वाढवलं. पानं आणखी करपली. शेवटी तिनं आपल्या बोअरचं पाणी बाटलीत भरलं आणि थेट प्रयोगशाळा गाठली.

"बाटली नीट धुतली नसशील," मीटरभाऊ म्हणाला.

"लहानपणी तुला आंघोळ मी घालायचे. बाटली धुता येते मला."

प्रयोगशाळेतल्या बाई हसल्या नाहीत. निवृत्तीला आठ महिने उरलेली, कमी बोलणारी बाई. त्यांनी जुने तक्ते काढले. सात नंबरसमोर तीन वर्षं नऊशेच्या आसपासचेच आकडे होते. सात नंबरवर पंप किती वेळ चालवतोस, एवढंच त्यांनी विचारलं. मीटरभाऊ गळ्यातलं मोजयंत्र पुसू लागला.

निरीक्षण विहीर म्हणजे जमिनीत उतरवलेली नळी. झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी आत जातं आणि हलकं असल्यामुळं वर तरंगतं. जमिनीतलं खारं पाणी त्याच्या खाली. म्हणून नियम असा, की आधी पंप लावून साचलेलं पाणी काढून टाकायचं, आकडा तीनदा सारखा आला की मगच बाटली भरायची. एका विहिरीला पाऊण तास जातो. मीटरभाऊ दोरीला बाटली बांधून वरचंच पाणी काढायचा. पाच मिनिटांत काम. ही युक्ती आधीच्या माणसानं जाता जाता शिकवली होती, आणि दोन दिवसांचं काम जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळं व्हायचं.

बाईंनी पंप गाडीत टाकायला लावला. साडेअकराला सात नंबरवर पहिला आकडा आला नऊशे वीस. दहा मिनिटांनी सतराशे, वीस मिनिटांनी तीन हजार. पस्तिसाव्या मिनिटाला चार हजार तीनशे, आणि मग तीनदा तोच. आक्का बांधावर उभी राहून बघत होती.

"मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, बाई."

"नाहीच लिहिलास. साय मोजलीस आणि दूध म्हणून लिहिलंस."

प्रश्न एका शेताचा नव्हता. उताराच्या वरच्या अंगाची जुनी झाडी काढून तिथं शेती करायची का, हे शुक्रवारी समिती ठरवणार होती. त्या झाडांची मुळं खोलवरचं पाणी पितात. झाडं गेली की जमिनीतलं पाणी वर चढतं आणि सोबत मीठ आणतं. समितीच्या फायलीतला पहिलाच कागद मीटरभाऊचा होता. त्यावर शेरा होता: सर्व विहिरी हजाराच्या आत.

पुढच्या महिन्यापासून नीट मोजतो, आकडा हळूहळू चढता दाखवू, असं तो म्हणाला. नोकरीचा प्रश्न होता.

"पुढच्या महिन्यात झाडं नसतील," बाई म्हणाल्या. "नोकरी तुझी आहे, तक्ता तुझा नाही. ही विहीर कधी न पाहिलेली माणसं तो वाचून जमिनीचा निर्णय घेतात."

तेव्हा आक्का बोलली. "मी भावाला विचारत नव्हते रे. मोजणाऱ्याला विचारत होते."

दुपारी त्यानं पत्र लिहिलं. अकराही विहिरींचे तीन वर्षांचे आकडे मी पंप न लावता घेतले आहेत, ते ग्राह्य धरू नयेत. खाली सही केली. बाईंनी त्याखाली स्वतःची एक ओळ जोडली: माझ्या प्रयोगशाळेने हे आकडे काही न विचारता स्वीकारले.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती असा एखादा तक्ता असतो. कुणाकडे औषधांचा, कुणाकडे पुलाच्या तपासणीचा. पाऊण तासाचं काम पाच मिनिटांत उरकलं, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते उताराच्या खाली राहणाऱ्याचं, आणि त्यानं आपल्या शब्दावर भरवसा ठेवलेला असतो. म्हणून जे मोजायचं ते तळापर्यंत मोजावं, आणि चुकलं तर आपणच आधी सांगावं.

शुक्रवारच्या बैठकीत निर्णय महिनाभर पुढे ढकलला गेला. मीटरभाऊला खुलासा मागणारी नोटीस आली. त्यानं उत्तर दिलं आहे, वरून अजून काही आलेलं नाही. फेरमोजणीत नऊ विहिरी झाल्या आहेत, त्यातल्या सहा विहिरींचा आकडा हजाराच्या वर निघाला. दोन राहिल्या आहेत. आक्कानं खालचा तुकडा पेरलेला नाही.

काल सकाळी सात नंबरवर पस्तीस मिनिटं पंप चालला. आकडा आला चार हजार चारशे.