मागची दारं

पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार होतं आणि शोरूममध्ये ती लाल कूपे गाडी एकच उरली होती. विक्रेत्याचं हे तीनदा सांगून झालं होतं. शेजारी तेवढ्याच ताकदीची, चार दारांची सेडान उभी होती. इंजिन तेच, पळणं तेच. पण कूपेला दोनच दारं, आणि मागची सीट म्हणजे नावाला सीट. बारा वर्षं अँब्युलन्स चालवणाऱ्या आपल्या बायकोचा जीव या कूपेवर जडलाय, हे नवऱ्याला ठाऊक होतं.

"घे की," तो म्हणाला. "जन्मभर लोकांना वाहून नेलंस. आता दोघांपुरती गाडी घे."

दोघांपुरती! मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवून पाच वर्षं झाली होती. दरवर्षी नव्याने अर्ज भरावा लागे. पहिली सही नेहमी त्याची, मग अर्ज पेनसकट तिच्या उशाशी. यंदाचा अर्ज महिनाभर फ्रिजवर कोराच पडून होता. तो त्याच फ्रिजमधून रोज दूध काढत होता, पण पेनाला हात लावत नव्हता. मुदत उद्या संपत होती. सकाळी तिने अर्ज पर्समध्ये कोंबला, पण विचारायची छाती होईना. नाही म्हणाला तर?

"चालवून तर बघा, मॅडम," विक्रेत्याने किल्ली पुढे केली.

गाडी हलवण्याआधी मागचं दार स्वतः आपटून बघायचं, ही तिची कामावरची सवय. त्याच सवयीने ती कूपेच्या मागच्या बाजूला गेली आणि हात नुसता पत्र्यावरून फिरत राहिला. दारच नव्हतं तिथे. भर शोरूममध्ये तिला रडू फुटलं.

"अगं, काय झालं?"

"मूल कुठून चढवायचं यात?" ती ओरडलीच. "सरळ सांग ना, तुला नको झालंय म्हणून!"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला? गेल्या वेळी मूल मिळता मिळता सगळं फिसकटलं तेव्हा 'आता पुरे' कोण म्हणालं? आणि मग या गाडीचे फोटो बघत बसलीस. मी सही केली असती तर तू माझ्यासाठी केली असतीस. मनाविरुद्ध."

"दमले होते रे मी! दमलेलं माणूस काहीही बोलतं."

घड्याळात पाचला चार मिनिटं होती. तिने पर्समधून चुरगळलेला अर्ज काढला.

"पेन आहे?" नवऱ्याने विचारलं.

विक्रेत्याची कळी खुलली. त्याने पेनाबरोबर बुकिंगचा कागदही दिला. नवऱ्याने तो बाजूला सारला, कूपेच्याच टपावर अर्ज पसरून सही केली आणि पेन बायकोकडे सरकवलं. तिने त्याच्या सहीखाली आपली सही केली.

"मग ही गाडी..." विक्रेता चाचरला.

"पाचच्या गिऱ्हाइकाला द्या," ती म्हणाली. जीव तुटला तिचा, खोटं कशाला बोला.

मग ती सेडानकडे गेली. मागचं दार उघडून तिने धाडकन लावलं.

"अजून कुणी नाहीये मागे," नवरा हळूच म्हणाला.

"माहितेय," ती म्हणाली आणि वळसा घालून दुसरंही दार आपटून पाहिलं.