न हलण्याचा तास

वेल्डर सुधारला, ही बातमी इस्त्रीवालीला चार जणांनी चार वेळा सांगितली. सांगणारा प्रत्येक जण तिच्या तोंडाकडे असा बघत होता, की आता हिनं आनंदानं नाचायलाच हवं.

वेल्डर म्हणजे तिचा नवरा. आठ महिन्यांपूर्वी त्यानं तिच्या डाव्या कानाखाली अशी एक ठेवून दिली, की तो कान बंद झाला तो झालाच. त्याच आठवड्यात, शर्टाची कॉलर नीट दुमडली नाही म्हणून, तापलेली इस्त्री तिच्या दंडावर टेकवली. उचलली तेव्हा कातडी इस्त्रीबरोबर निघून आली. मग मात्र ती सात वर्षांच्या पोरीला, भिंगरीला, काखोटीला मारून जी निघाली ती थेट आपल्या कामाच्या लाँड्रीत. मालकीणबाईंनी काही विचारलं नाही, मागची खोली उघडून दिली. इस्त्रीनं भाजलेली बाई दिवसभर इस्त्रीच कशी करते, असं लोक एकमेकांत बोलायचे. करते बापडी! येतं तेच काम माणूस करतं ना?

इकडे कारखान्याच्या साहेबानं वेल्डरला दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला धाडलं. नोकरी टिकवायची म्हणून गेला, आणि मग आपल्या मनानं पुन्हा गेला. पाच शीलं घेतली. जीव घ्यायचा नाही, चोरी नाही, खोटं नाही, परस्त्री नाही, दारू नाही. दारू खरोखरच सुटली, उगाच कशाला खोटं बोला? रोज संध्याकाळी सहा ते सात तो भिंतीपाशी मांडी घालून बसायचा. त्या तासात हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. मुंगी चावली तर चावू द्यायची.

पांढरेशुभ्र कपडे घालून तो लाँड्रीत आला.

"घरी चल," म्हणाला. आवाज लोण्यासारखा मऊ. "ज्यानं तुला मारलं तो माणूस आता उरलाच नाही गं. आपण 'मी मी' म्हणतो तो मुळात कुणी नसतोच. शरीर क्षणाक्षणाला बदलतं, मन बदलतं. कालचा मी आज नाही."

"मग माफी कुणी मागायची?"

"मागायला तो हवा ना!" असं म्हणून तो हसला.

तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. 'मी मारलं.' दोन शब्द. सोनं नको, नाणं नको, पायावर डोकं ठेवणं तर नकोच नको. एवढं म्हणाला असता तर ती भिंगरीला घेऊन त्याच पावली निघाली असती, कारण पोरगी रोज बाबाचं चित्र काढायची आणि उशीखाली लपवायची.

मग सासूबाई आल्या. हातात जपमाळ, ओठ सतत हलते.

"भोग होते, भोगून संपले, सूनबाई. मागच्या जन्मी तू त्याला छळलं असशील. कर्म कुणाला चुकलंय? आता झालं गेलं विसर."

घ्या! म्हणजे लेकाच्या मते मारणारा हवेत विरला, आणि आईच्या मते मार हिनंच मागच्या जन्मी मागवून ठेवला होता. मधल्या मधे हात उचलणारा कोणी नव्हताच. तेवढा हिचा कान मात्र बहिरा.

शिबिरात बसायच्या गाद्यांच्या खोळी तिच्याच लाँड्रीत धुवायला यायच्या. त्या आणायचे स्वतः गुरुजी, कमरेत वाकलेले, गाठोडं पाठीवर. तिनं सरळ त्यांनाच गाठलं आणि विचारलं, की मारणारा खरंच नाहीसा होतो का हो? म्हातारा गाठोड्यावरच बसला. तिचा भाजलेला दंड त्यानं बघितला.

"'मी नाही' हे औषध आपल्या ताठ्यावर लावायचं असतं, बाई," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या जखमेवर नाही. पेरलं त्याचं फळ कुठं जात नाही. त्याला सांगा, मी बोलावलंय."

तिनं निरोप दिला. वेल्डर गेला नाही. गुरूची ओढ हाही मोहच, म्हणाला. काय बोलणार अशा माणसापुढं?

शेवटी तिनंच अट घातली. "तीन संध्याकाळी मी येईन. तुम्ही तासाला बसाल तेव्हा समोर बसून बोलेन. तुम्ही ऐकायचं. त्यानंतर भिंगरीला घेऊन यायचं, की पुन्हा तुमचा उंबरा चढायचाच नाही, ते ठरवीन."

"बोल की! मला आता काही लागत नाही."

पहिल्या संध्याकाळी तिनं लग्नानंतरचं पहिलं वर्ष काढलं. दाराच्या फटीत धरून चेपलेली बोटं. उपाशी कोंडून घातलेला दीड दिवस. वेल्डिंगची कांडी पाठीवर मोडली तेव्हा, "दुसरी आण," म्हणून तिलाच पाठवलं होतं, आणि ती गेली होती, आणि घेऊन आली होती. हे सांगताना तिला स्वतःचाच संताप आला. वेल्डरची पापणी हलली नाही. कोपऱ्यात सासूबाईंची माळ फिरत होती.

दुसऱ्या संध्याकाळी ती दुसऱ्या पोराबद्दल बोलली.

"चौथा महिना होता. तुमच्या डब्यात मीठ जास्त पडलं होतं. तुम्ही आधी डबा फेकलात, मग मला खाली पाडलंत, आणि मग बूट घातलेल्या पायानं लाथ मारलीत. एक नाही, तीन. मी पोटावर हात धरले होते, तर तुम्ही आधी हात बाजूला केलेत."

माळ थांबली.

"आई, मी तुम्हाला न्हाणीघरात घसरले म्हणून सांगितलं होतं," ती न वळता म्हणाली. "तुम्ही फरशी पुसलीत तेव्हा रक्त स्वयंपाकघरात होतं. पण तुम्ही विचारलं नाहीत."

माळ पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागला.

सात वाजता वेल्डरनं डोळे उघडले. चेहरा कसा, नुकतीच झोप झालेल्या बाळासारखा! "छान," तो म्हणाला. "साचलेलं बाहेर पडतंय. आता त्या माणसाचा राग तेवढा सोड, म्हणजे सुटशील."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती चप्पल घालून निघाली, तर मागून आवाज आला, "उद्या येतेसच, तर माझे दोन सदरे इस्त्री करून दे. परवा शिबिराला सेवेला जायचंय."

तिसऱ्या संध्याकाळी सदरे घडी करून ठेवलेले होते आणि वर इस्त्री होती. तीच. तळाला बोटभर लांबीचा तपकिरी डाग, खरवडूनही न गेलेला. तो कशाचा हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं चादर अंथरली, वायर लावली आणि त्याच्या समोरच कामाला बसली. सहा वाजले. त्यानं डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले.

तिनं पहिल्या सदऱ्याला इस्त्री केली, बाह्यांसकट. दुसऱ्याच्या पाठीवरून फिरवली. फिरवता फिरवता कानाचं सांगितलं. आजही भिंगरीनं डाव्या बाजूनं हाक मारली तर आपल्याला कळत नाही, आणि पोरीला वाटतं आई रागावलीय. मग कॉलरवर आली.

"ह्या कॉलरवरून माझा दंड भाजलात. कुणी भाजला? एकदाच सांगा."

श्वास आत. श्वास बाहेर.

तिनं इस्त्री उचलली आणि त्याच्या उजव्या हाताच्या वर धरली. धग लागली असणार, मनगटावरचे केस आक्रसले.

"सूनबाई!" सासूबाई किंचाळल्या.

"हा हात कुणाचा आहे?" तिनं विचारलं.

वेल्डरचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच. "हात आहे," तो शांतपणे म्हणाला. "कुणाचाच नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि टेकवली.

फार नाही. कॉलरवर टेकवावी तेवढीच. पण चर्र झालं, वास सुटला, आणि वेल्डर ताडकन उठला.

"माझा हात! अगं रांडे, माझा हात!"

त्याच हातानं त्यानं तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. मग दुसऱ्यांदा. ती खाली पडली तशी लाथ बरगडीत बसली, मग पोटात. इस्त्रीची वायर ओढून त्यानं तिच्या गळ्याभोवती आवळली. शीलं, श्वास, क्षणाक्षणाला बदलणारं शरीर, सगळं गेलं उडत. आठ महिन्यांत एक ठोसा विसरला नव्हता गडी! तिच्या ओठातून रक्त येत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि त्यातही ती बोलली.

"आलास? मला सांगत होते तू नाहीस म्हणून."

आजवर असा मार सुरू झाला की सासूबाई उठायच्या, दाराला आतून कडी लावायच्या आणि देवापुढं बसायच्या. चार लोकांत तमाशा नको. आजही त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या. कडी काढली, दार सताड उघडलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "धावा! माझा मुलगा तिला मारतोय! धावा कुणीतरी!"

शेजारचे दोघे गवंडी धावत आले. चौघांच्या ताकदीचा तो, पण त्यांनी वायर सोडवली आणि त्याला जमिनीवर दाबून धरलं. अर्ध्या तासात पोलीस आला. त्यानं खुर्ची ओढली, वही काढली. घरभर जळक्या कातडीचा वास होता. इस्त्रीवाली भिंतीला टेकून बसली होती, एक डोळा सुजून मिटलेला.

पोलिसानं आधी वेल्डरचा हात बघितला. "हा कुणी भाजला?"

"मी," ती म्हणाली. विचार करायला क्षणभरही थांबली नाही. "मी भाजला. इस्त्री माझ्या हातात होती."

पोलीस चक्रावला. एवढं सरळ उत्तर त्याला रोज मिळत नसावं. त्यानं ते लिहून घेतलं आणि वेल्डरकडं वळला. "आणि हिला कुणी मारलं?"

वेल्डरनं तिच्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं. मग पाठ ताठ केली, भाजलेला हात गुडघ्यावर ठेवला, डोळे मिटले आणि श्वास बघायला लागला.

पोलिसानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

"ह्यानं," सासूबाई म्हणाल्या. माळ कुठं पडली होती कुणास ठाऊक, हात रिकामेच होते. "माझ्या मुलानं. आजच नाही, नऊ वर्षं. तिचं पोट पाडलं तेसुद्धा ह्यानंच." त्या भिंतीला धरून सुनेच्या शेजारी खाली बसल्या. "आणि दर वेळी दाराला कडी मी लावली. मागच्या जन्मी नाही, ह्याच. तेही लिहा."