मीटरच्या पलीकडची ताई

थांब, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस! आमच्या लॅबमध्ये क्वांटम कॉम्प्युटर गार ठेवणारी ताई आहे ना, तिला सगळे 'बर्फवाली' म्हणतात. त्याची चिप अंतराळापेक्षा गार असेल तरच चालते. पण चालली की काय चालते! साध्या मशीनला घाम फोडणारं गणित चहा निवायच्या आत सोडवते. फक्त तिला गार ठेवायला पार्टिशनमागे एक कॉम्प्रेसर अखंड धडधडतो आणि वीज नुसती ढोसतो. त्याचा पंप वर्षभर कुरकुरतोय. ताईने नवा मागितला की लॅबचे सर म्हणतात, "अहो, पंप मागवला की वरचे साहेब कूलिंगची वीज मोजणार. मग आपण सांगतो ती विजेची बचत कुठली?"

"मग चिप आइस्क्रीमच्या गाडीवर नेऊन ठेवा," ताई म्हणाली.

आज पाहुणे आले, मशीन घ्यायचं की नाही ठरवणारे. सरांनी मीटर फक्त चिपच्या लाइनला लावलेला. आकडा इस्त्रीपेक्षा कमी! टाळ्या! आणि नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर बंद पडला.

"वा, किती शांत मशीन!" पाहुण्या बाई म्हणाल्या.

सर खूश. अरे, शांत म्हणजे तापायला लागलं! एकदा तापलं की परत गार व्हायला दोन दिवस, आणि तोवर ताईने तिथून हलायचं नाही. उद्या तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन.

ताई पार्टिशनमागे पळाली. फटीतून दिसत होती, पंपावर हात ठेवून, कपाळाला हात लावून ताप बघतात ना, तशी.

"मेन स्विच दाब रे!"

स्विच माझ्याशेजारी. सर दात आवळून म्हणाले, "पाच मिनिटं थांब. यांना जाऊ दे."

मी दाबला. धडधड सुरू झाली, पण उशीर झालाच होता. ताईने स्क्रीनकडे पाहिलं आणि फोन लावला. "आई, उद्या दादाबरोबर जा गं. नाही, रडत नाहीये मी. मशीन आजारी आहे."

"हा आवाज कसला?" बाईंनी विचारलं.

"बिल्डिंगचा एसी," सर म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "एसीच ना?"

सर माझ्याकडे बघतायत. फटीत ताई उभी, फोन अजून कानाला, हात काळेकुट्ट. सांग ना, तू काय म्हणाला असतास?