प्रार्थनेचा विषय

हॉस्टेलवर त्याला सगळे पाळक म्हणत. खरं तर पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि हा घड्याळजीचा अठरा वर्षांचा पोरगा, ओठांवर नुकती कुठे लव फुटलेली. पण पहिल्याच दिवशी मेसमध्ये त्याने ताटावर डोळे मिटून इतकी लांबलचक प्रार्थना केली, की शेजारच्याचं जेवून झालं, हात धुऊन झाले, तरी याचं आभार मानणं सुरूच. नाव तिथेच चिकटलं. त्याला ते लागायला हवं होतं, पण खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्याच झाल्या. आता ही गोष्ट सांगताना तो स्वतःच स्वतःचा कान पकडतो.

घराजवळच्या चर्चच्या मंडळीत त्याचं भारी कौतुक. रविवारच्या शब्बाथशाळेत पाठांतराची सगळी बक्षिसं त्याचीच. कॉलेजला निघाला तेव्हा आत्याने एक जाडजूड वही दिली आणि तिथल्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, बाळा, विश्वासात वाढ. दुसऱ्या कुणी तो आशीर्वाद म्हणून घेतला असता. याने अभ्यासक्रम म्हणून घेतला. वहीत रकाने आखले, प्रीती, सहनशीलता, नम्रता, आणि रोज झोपण्याआधी स्वतःलाच दहापैकी गुण द्यायला लागला. सहनशीलतेत मार खायचा, कारण सकाळी न्हाणीघरापुढची रांग. नम्रतेत मात्र रोज नऊ. दहासुद्धा दिले असते, पण ते नम्रतेला शोभलं नसतं.

त्याच्या खोलीत दुसरा होता लांब्या. कॉटच्या बाहेर वीतभर पाय काढून झोपायचा. देवाधर्माशी त्याला देणंघेणं नव्हतं, पण कुणाच्या वाकड्यातही तो शिरत नसे. पाळक पहाटे उठून गाणी म्हणायला लागला की हा डोक्यावर उशी ओढून घ्यायचा, एवढीच काय ती तक्रार. दुसऱ्या आठवड्यात पाळक तापाने फणफणला, तेव्हा लांब्याने आपलं पांघरूण त्याच्यावर घातलं, दोनदा जाऊन औषध आणलं, ओकारीने खराब झालेला सदरासुद्धा धुतला. पाळकाने बरा झाल्यावर वहीत लिहिलं, 'देवाने माझी किती काळजी घेतली.' लांब्याला थँक्यू म्हणायचं तेवढं राहून गेलं.

एका रविवारी दुपारी पाळक वाळलेले कपडे आणायला मागच्या जिन्याने गेला, तर पाण्याच्या टाकीजवळ पायरीवर लांब्या बसलेला. हातात फोन, डोळे लाल. पाळक शेजारी बसला. मग लांब्याने सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी त्याची आई घर सोडून मामाकडे निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. शाळेत शिकवून घरी आली, एक पिशवी भरली आणि गेली. बाबा शेजाऱ्यांना सांगत होते की मामा आजारी आहे. लांब्या दर रविवारी तिला फोन लावायचा. फोन वाजवाजून बंद व्हायचा.

"कुणाजवळ बोलू नकोस," लांब्या म्हणाला.

पाळकाने शब्द दिला. त्यात नाटक काही नव्हतं. त्या घटकेला तो अगदी खरा होता.

बुधवारी संध्याकाळी विश्वासी मुलामुलींचा गट एका रिकाम्या वर्गात जमायचा. शेवटच्या वर्षाचा एक दादा तो चालवायचा. शेवटी प्रत्येकाने प्रार्थनेचा विषय सांगायचा, आणि दुसऱ्या वर्षातली एक ताई ते विषय लगेच फोनवरच्या प्रार्थना साखळीत टाकायची, म्हणजे जे आले नसतील तेही असतील तिथे थांबून प्रार्थना करतील. व्यवस्था चांगली होती. अडचण एवढीच, की पाळकाकडे विषय नव्हता. घरी सगळे ठणठणीत, अभ्यास बरा चाललेला. पहिल्या बुधवारी त्याने आत्याचा गुडघा मांडला. पण शेजारचीने काकांच्या हृदयाचं ऑपरेशन काढलं, आणि आत्याचा गुडघा अगदीच केविलवाणा वाटायला लागला. त्यात दादाने सांगून ठेवलेलं, की दुसऱ्यांसाठी ज्याचं काळीज तुटतं अशा पहिल्या वर्षाच्या कुणाकडे तरी पुढच्या सहामाहीत साखळी सोपवायची आहे. आपलं काळीज कधी तुटतंय, याची पाळक तेव्हापासून वाट बघत होता.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी त्याची पाळी आली. माझ्या खोलीतल्या मित्रासाठी प्रार्थना करा, तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण वर्गात जी शांतता पसरली ती त्याला फार आवडली. मग आई आली, पिशवी आली, मामाचं खोटं आजारपण आलं, वाजवाजून बंद होणारा फोन आला. आवाज जिथे कापायला हवा तिथे बरोबर कापला. नाव मात्र त्याने घेतलं नाही, आणि यालाच तो गुप्तता समजला. अरे शहाण्या, दोघांच्या खोलीत मित्र असून असून किती असणार? ताईने डोळे पुसले आणि साखळीत मजकूर टाकला. दादाने पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी वहीत प्रीतीला दहापैकी दहा पडले.

दुसऱ्या दिवशी लांब्या ग्रंथालयात पुस्तक परत करायला रांगेत उभा होता. ताईने त्याला पाहिलं, जवळ गेली, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि मोठ्या मायेने, मोठ्याच आवाजात म्हणाली, की घाबरू नकोस, तुझी आई घरी परत यावी म्हणून आम्ही बेचाळीस जण प्रार्थना करतोय. तिच्या मनात पाप नव्हतं बिचारीच्या. पण रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या, ग्रंथपालांनी चष्मा वर केला, आणि लांब्याच्या वर्गातली चार पोरं तिथेच होती. लांब्याने हात सोडवून घेतले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तो निघून गेला.

संध्याकाळी पाळक खोलीवर आला तेव्हा टेबलावर रेक्टरचा अर्ज होता, खोली बदलून मिळण्याचा. खाली खोलीतल्या दोघांच्या सह्यांची जागा. एक सही झालेली होती. लांब्या कॉटवर बसलेला. मी नाव घेतलं नव्हतं, तो म्हणाला. माझा हेतू वाईट नव्हता. शेवटी ती प्रार्थनाच होती ना? लांब्याने सगळं ऐकून घेतलं आणि मेसला निघून गेला. तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

दोन दिवस पाळकाने सही केली नाही. तेवढ्या वेळात माफीची तयारी केली. तीन मुद्दे, वर प्रस्तावना, खाली समारोप. आरशापुढे म्हणून पाहिली, आणि दुसऱ्या मुद्द्याला आपला कंठ किती छान दाटतो, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. मग तो दादाकडे गेला आणि झालेलं सांगितलं. दादाला खरंच वाईट वाटलं. त्याने साखळीतला मजकूर काढायला लावला. ताई तर रडायलाच लागली. नंतर दादा समजुतीने म्हणाला, की येत्या बुधवारी उभा राहून याची साक्ष दे, पुष्कळांना शिकता येईल. आणि काय सांगावं, पाळकाचा चेहरा उजळला. जिन्यापर्यंत पोचेतो पहिलं वाक्यसुद्धा जुळलं.

जिन्याच्या मध्यावर तो थांबला. साक्ष द्यायची म्हणजे गोष्ट पुन्हा सांगायची. लांब्याची आई पुन्हा बेचाळीस तोंडी जायची, या खेपेला वर याच्या पश्चात्तापाची फोडणी घालून. स्वतःची अशी शिसारी त्याला आजवर कधी आली नव्हती. परत जाऊन त्याने दादाला सांगितलं, साक्ष देणार नाही, आणि साखळी माझ्याकडे देऊ नका.

शनिवारी दुपारी लांब्या कपड्यांच्या घड्या घालत होता. पाळकाने अर्जावर सही केली आणि कागद त्याच्यापुढे धरला. तिन्ही मुद्दे कुठल्या कुठे गेले.

"चुकलो रे," एवढंच तो म्हणाला.

लांब्याने कागद घेतला, सही बघितली. "एक विचारतो," तो म्हणाला. "ते बेचाळीस जण करत असतील. तू केलीस का माझ्या आईसाठी प्रार्थना?"

हो म्हणायला पाळकाने तोंड उघडलं. रविवारी त्याने ऐकलं होतं. बुधवारी सांगितलं होतं. वहीत लिहिलं होतं. पण दार लावून, एकट्याने, त्या बाईसाठी देवाला एक वाक्य? त्याने आठवून आठवून पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

आणि त्याला रडू फुटलं. नाक गळायला लागलं, बाहीने पुसलं तरी थांबेना. आपण रडताना कसे दिसतोय, हे बघायचं त्याला या वेळी सुचलं नाही. लांब्या कॉटवर बसून राहिला. समजूत त्याने घातली नाही, आणि का घालावी? थोड्या वेळाने उठला आणि ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाला, "ही एकट्याने उचलत नाही. धर तिकडून."

दोघांनी ट्रंक उचलून चार दारं पलीकडे नेली. नव्या खोलीतला पोरगा बडबड्या होता, आणि त्याच्या कॉटवर आणखी तिघं टवाळक्या करत बसले होते. का रे, भांडलात की काय, एकाने विचारलं. लांब्याची मान खाली गेली. ग्रंथालयातली कुजबुज इथवर आलेली होती, आणि सगळ्यांना धागा हवा होता.

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही," पाळक म्हणाला. "म्हणून जातोय तो."

"म्हणजे काय फोडलंस?" चौघांनी कान टवकारले.

पाळकाने ट्रंक कॉटखाली सरकवली. हात झटकले. पोरं हसली, पाळकबुवा आज मौनव्रतात म्हणाली, त्याची खेचत राहिली. त्याचे कान लालबुंद झाले, पण तोंडातून एक अक्षर निघालं नाही. लांब्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग कपडे कपाटात लावायला घेतले.

खोलीवर येऊन पाळकाने दार लावलं आणि रिकाम्या कॉटपाशी गुडघे टेकले. देवा, त्याच्या आईला फोन उचलू दे, तो म्हणाला. पुढे काही सुचेना. मग तेच पुन्हा म्हणाला.