पांढरं पोवळं

नवऱ्याची बदली झाली म्हणून शरयूताई नांदुऱ्यातलं सामान विकत होत्या. त्यात मुंबईहून आणलेली बरणी होती. आत समुद्रातलं जिवंत पोवळं, रंग उडून पांढरंफटक पडलेलं.

“घेऊ नकोस पद्मजा, त्याला समुद्राचंच पाणी लागतं.”

“आमच्या विहिरीचं पाणी काय कमी खारं हाये, ताई? डाळ शिजत नाही त्यात!”

पद्मजाच्या सासू मनकर्णाबाई करवादल्या, “कडेवरचं लेकरू सांभाळ. मेलेल्याले काऊन पाणी पाजून राह्यली?”

पद्मजाने वाकून पाहिलं. एका टोकाशी नखाएवढा तांबूस रंग उरला होता. तेवढ्यावर तिने बरणी घेतली आणि घरी विहिरीचं ताजं पाणी भरलं.

सकाळी ते टोकही पांढरं पडलं होतं. पद्मजा समजायचं ते समजली. तरी लेकरू कडेवर घेऊन, कळशी उचलून ती बरणीच्या पाण्यासाठी पुन्हा विहिरीकडे निघाली.