पाठीत अर्धा इंच

"आजी, टाचा भिंतीला लावा. आता डोकं मागे. हनुवटी वर नको, आत घ्या."

टाचा लागल्या, डोकं काही लागेना. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने डोकं आणि भिंत यांच्यामध्ये हात धरला, तर तिची अख्खी वीत मावली.

"कधीपासून वाकलात?"

"मी कुठे वाकलेय?" शिंप्याची बायको फणकारली. "पोक आलेल्या बायकांचे गाऊन मागून कसे वर चढतात, बघितलेत मी. माझा बघ की!"

गाऊन खरंच चापूनचोपून बसला होता. खुर्चीवरचा शिंपी खाली मान घालून बसून राहिला. नऊ वर्षांपूर्वी तिचा गाऊन मागून पहिल्यांदा वर चढला, तेव्हा त्याने पाठीत अर्धा इंच वाढवला आणि पुढून तेवढाच कमी केला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्धा. गिऱ्हाइकाचं व्यंग झाकायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बायकोच्या बाबतीतही त्याने तेच केलं, आणि वर स्वतःच्या कसबावर मनातल्या मनात खूशही झाला होता मेला.

"मणक्याची दोन हाडं दबलीत," एक्स-रे बघून मुलगी म्हणाली. "आधी आला असतात तर वाचली असती. आता रोज व्यायाम करा, नाहीतर तिसरंही जाईल."

घरी रोज सकाळी बायको पालथी झोपून छाती उचलायची आणि तो दहा आकडे मोजायचा. तिचे हाल बघवत नसत म्हणून मधले तीन-चार आकडे तो झपाझप उरकायचा. दोन महिन्यांनी दवाखान्यात पुन्हा माप घेतलं. वीतभर होतं ते वीतभरच राहिलं होतं.

"एवढं करूनही?" घरी आल्यावर तिने विचारलं. तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. अर्धा-अर्धा इंच, घाईघाईचे आकडे, सगळं त्याने सांगून टाकलं.

"नऊ वर्षं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून गं."

"वाटलं असतं. रडले असते दोन दिवस. मग दवाखान्यात गेले असते ना!"

ती सतरंजीवर पालथी झाली आणि तिने छाती उचलली. तो सवयीने म्हणाला, "एक..."

"गप्प बसा. माझे मी मोजते."

ती सावकाश मोजू लागली. सातला तिचे खांदे थरथरले. आठ यायला फार वेळ लागला. तो मध्ये बोलला नाही.