उपाशी पिसवा

जात्याचा खुंटा सोडून मार्थाबाईंनी तिसऱ्यांदा पोटरी खाजवली आणि निकाल देऊन टाकला. "ह्या पिसवा त्या कुत्र्याच्याच. त्याला आजच नूरुद्दीनभाऊंच्या गोठ्यात बांधा. शुक्रवारी ते घोडेगावच्या बाजाराला चाललेत. तिकडं त्यांच्या मेव्हण्याला राखणीला कुत्रं पायजेच हाय."

कुत्र्याचं नाव हवालदार. आमोस मास्तर आणि मार्थाबाईंच्या नऊ वर्षांच्या दीनानं त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलेलं. पोर आता भोकाड पसरणार, म्हणून मास्तर तिच्याकडं बघत राहिले. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. मास्तरांना तिथंच संशय आला.

दीनानं बरेच दिवस एक गोष्ट हेरून ठेवली होती. पिसवा हवालदाराच्या अंगावरून उडत, तशाच कोपऱ्यातल्या धुळीतूनही उडत. आणि तो निजायचा त्या गोधडीत मिठाच्या कणांसारखी बारीक पांढरी अंडी होती. हवालदार गेला, म्हणून ती काय त्याच्यामागं चालत जाणार होती?

त्याच दिवशी, सोमवारी, हवालदार गोठ्यात गेला. दोन दिवस पिसवांनी त्याची वाट बघितली असावी. बुधवारी त्यांना भूक आवरेना. गुरुवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत तर कहरच झाला. मास्तर एरवी साऱ्या जगापासून सुरुवात करून शेजारच्या आजारी म्हशीपर्यंत सगळ्यांसाठी मागणं मागत. त्या दिवशी ते दोन वाक्यांत आमेनला पोचले आणि दोन्ही हातांनी पाठ खाजवू लागले.

"कुत्रं न्हाई, मग ह्या आल्या कुठून?" मार्थाबाई वैतागल्या.

"आल्या नाहीत, इथंच होत्या," दीना शांतपणे म्हणाली. "आधी त्याला खायच्या. आता आपणच उरलोय."

मार्थाबाई थोडा वेळ घोटा खाजवत बसल्या. "मग जा, आण त्याला."

"आणते. पण तो घोडेगावला जाणार नाही, हे आधी कबूल कर."

"पोरीनं वकीलपत्र घेतलंय," मास्तर हसू दाबत म्हणाले.

"व्हय बाई, कबूल. जा लवकर."

लढाईमुळं पिसवांवर शिंपडायला रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा जे घरात होतं त्यावरच भागवायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी दीनानं हवालदाराला साखळी धरून कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवलं. उपाशी पिसवा त्याच्यावर तुटून पडल्या. तसाच त्याला अंगणात नेऊन कडुलिंबाच्या पाण्यानं घासलं. आई बारीक फणी फिरवी आणि फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवी. मास्तरांनी गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या, जमिनीच्या भेगांतली धूळ कोरून चुलीत टाकली आणि भेगा शेणामातीनं लिंपल्या.

"संपल्या एकदाच्या," मास्तर कंबर सरळ करत म्हणाले.

"अंडी राहिली असतील ना, बाबा. ती फुटतील. दर चार दिवसांनी हे परत करायचं, महिनाभर."

मास्तर मटकन खाली बसले.

तेवढ्यात नूरुद्दीनचाचांची बैलगाडी दारात थांबली. "काय वहिनी, न्यायचा का कुत्रा?"

मार्थाबाईंनी हवालदाराची ओली मान मांडीवर घट्ट धरली आणि फणी पुढं चालू ठेवली.

"न्हाई भाऊ. त्याला महिनाभर सवड न्हाई."